फितूर मावशी

११ जानेवारी

डुकरिणीच्या गळ्यात पट्टा बसला! शेवटच्या क्षणाला बाईसाहेबांनी माझ्या मनगटाला दात लावायचा प्रयत्न केला, पण गुंगीचं औषध चढलं होतं, नुसताच जबडा हलला. बंदूकवाला म्हणाला, मॅडम, तुम्हाला बघून हसली ती. मी म्हटलं, हसू दे, पुढे तिला वेळ मिळणार नाही.

तळ्याकाठचा अख्खा कळप डुकरतापानं मेला, ही एकटी उरली. रक्तात ताप नाही, पण तापाशी झगडून झाल्याच्या खुणा भरपूर. म्हणजे तिला तो होऊन गेला आणि ही त्याला पुरून उरली. मला अशीच हवी होती. दुसरी कुठली रानडुकरीण घेतली असती तर पंधरवड्यात मेली असती आणि पट्टा मातीत गेला असता. साहेबांना एवढं समजावण्यात अर्धा दिवस खर्ची पडला. शेवटी म्हणाले, ठीक आहे, तुमची जबाबदारी. या माणसाच्या तोंडून दुसरं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

पद्धत साधी आहे. रानडुकरिणीला एकटीनं राहवत नाही. आपला कळप गेला की ती दुसरा शोधते, आणि थोडी ढकलाढकली करून तो तिला घेतोही. पट्ट्यातल्या रेडिओतून टिकटिक येत राहते, त्यावरून ती कुठे आहे ते कळतं. ती जिथे रमेल तिथे आपण जायचं, सगळ्यांना मारायचं, तिला तेवढं सोडायचं. मग ती पुढचा कळप शोधते. आमच्या कामात अशा जनावराला फितूर म्हणतात. बंदूकवाल्याला हा शब्द पटत नाही. त्याचं म्हणणं, ती बिचारी कुठे काय सांगते? पाहुणी म्हणून जाते आणि घरादाराचं वाटोळं होतं, त्यात तिचा काय दोष? त्यानं तिचं नाव मावशी ठेवलंय.

मावशी तर मावशी.

१४ जानेवारी

दादाकडे जेवायला गेले होते. जंगलाच्या कडेला त्याची शेड, मधे फक्त ओढा. आत पांढरी डुकरं, स्वच्छ, गुबगुबीत, दादाच्या हाकेला माना वळवणारी. वडिलांनी मला वसतिगृहात ठेवून डॉक्टर केलं आणि त्याच्या हातात बादली दिली. तो हे कधी बोलून दाखवत नाही, त्यामुळे मला ते जास्तच ऐकू येतं. वर त्याला माझं कौतुक! आल्यागेल्याला सांगतो, आमची बारकी जनावरांची डॉक्टर आहे, मोठी. मला लाज वाटते. त्याची वाटते, माझी नाही.

शेडच्या दारातलं औषधाच्या पाण्याचं घमेलं कोरडं ठणठणीत. वहिनी चपला घालून थेट आत. तिथेच झापली तिला. म्हटलं, या पायांनी तू एक दिवस सगळी डुकरं मारशील. तिचे डोळे भरले. दादा घमेलं उचलून गेला आणि भरून घेऊन आला. माझं काहीच चुकलं नाही. ताप पायांना लागून येतो, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

निघताना वहिनीनं उशी दिली. जमिनीवर बसून काम करताना गुडघे दुखतात, असं मी कधीतरी बोलले असेन. जुन्या पडद्याच्या कापडाची, कापूस गच्च भरलेला, खांद्याला अडकवायला बंद. म्हणाली, "तपकिरी रंग मुद्दाम घेतला, ताई. डाग दिसत नाहीत." ज्या बाईला रडवलं तीच भेट देते! असल्या माणसांवर धड रागावताही येत नाही.

उशी मात्र चांगली झाली आहे. तिला तसं सांगितलं नाही.

१६ जानेवारी

तळ्याकाठच्या गवतात मावशीच्या जुन्या कळपातला आणखी एक सापडला, फुगलेला. मी पोट फाडलं तसा बंदूकवाला लांब जाऊन उभा राहिला. बंदूकवाला! प्लीहा काळीभोर, नेहमीच्या दुप्पट. रक्त मातीत आणि इकडेतिकडे सगळीकडे. बराच वेळ बसून काम केलं, पण गुडघे कुरकुरले नाहीत. उशीचं उद्घाटन झालं.

परत आल्यावर बूट, सुऱ्या, एप्रन, जीपची चाकं, सगळं औषधातून काढलं. बंदूकवाल्याच्या एका बुटाची टाच कोरडी राहिली होती. परत बुडवायला लावली. तोंड वाकडं केलं त्यानं, करू दे.

२१ जानेवारी

टिकटिक टेकाडाकडे सरकली आणि तिथेच थांबली. मावशीला घर मिळालं!

२५ जानेवारी

टेकाडामागे मोकळी जागा शोधली, मका पसरला. रोज इथे खायला मिळतं अशी कळपाला सवय लागली की एका सकाळी सगळे एकाच जागी सापडतात. कॅमेरा जमिनीलगत बांधावा लागतो. उशी टाकली, गुडघे टेकले, खुंटी ठोकली, कॅमेरा बांधला. एकटीच होते. पाखरं ओरडत होती. मला हे काम मनापासून आवडतं, आणि हे कोणाला सांगायची सोय नाही. लोकांना वाटतं मला जनावरं आवडतात. जनावरं आवडणारी माणसं या कामात टिकत नाहीत. मला जनावरांचे हिशेब आवडतात, कोण कुठे जातं, कोणाबरोबर राहतं, कशानं मरतं.

३१ जानेवारी

कॅमेऱ्यात कळप रोज येतोय. मावशी सर्वात मागून येते, नव्या सुनेसारखी, सगळे खाऊन झाले की तोंड घालते.

८ फेब्रुवारी

आज सकाळी उरकलं.

सगळे मक्यावर होते. बंदूकवाल्यानं आधी कळपाची म्होरकी म्हातारी पाडली, कारण ती पडली की बाकीच्यांना कुठे पळायचं ते सुचत नाही. मग एकेक करून बाकीची. पिल्लं शेवटी. मावशी झुडपात पळाली आणि सगळं शांत झाल्यावर परत आली. एका पिल्लाला नाकानं ढोसत राहिली, ऊठ म्हणून. तिचं पिल्लू नव्हतं ते, पण ढोसत होती.

बंदूकवाला म्हणाला, थोडं थांबू या का, जाऊ दे तिला. मी थांबले नाही. गार व्हायच्या आत रक्त काढलं तर नीट निघतं. मी बसून कापत होते आणि ती चार पावलांवर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मीही बघितलं. मग ती वळली आणि ओढ्याच्या दिशेनं चालायला लागली. पळत नव्हती. आपल्याला काही होत नाही, हे तिच्या लक्षात यायला लागलं असावं.

११ फेब्रुवारी

लॅबमधल्या बाईचा फोन. ही बाई इतकी हळू बोलते की वाईट बातमीसुद्धा दोनदा विचारावी लागते. टेकाडाच्या कळपात ताप निघाला, निम्म्याहून जास्त जनावरांत. म्हणजे वेळेवर मारले! साहेब खूष. म्हणाले, काय नाक आहे हो तिला, बरोबर आजारी कळपच हुडकते. मी म्हटलं, नाक तिचं, डोकं माझं. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

२० फेब्रुवारी

मावशीनं दुसरं घर गाठलं. नेमकं दादाच्या शेडमागच्या ओढ्यापलीकडे! तिकडेही मका, तिकडेही कॅमेरा, आणि आज सकाळी तोही कळप आडवा केला. जागेवरच चिरफाड. ताप असावाच, आतडी बघूनच कळत होतं.

इतक्या जवळ आले म्हणून चहाला दादाकडे. बूट घमेल्यात बुडवले, दोनदा. एप्रन जीपमध्येच ठेवला, हात औषधानं धुतले. वहिनीला मुद्दाम दाखवून केलं, म्हणजे शिकेल. दादाची थोरली गाभण आहे. थोरली म्हणजे त्याची लाडकी डुकरीण, शेडमधली निम्मी तिचीच लेकरं. तिला बघ म्हणाला. ओल्या फरशीवर वहिनीची उशी टाकून बसले आणि पोट चाचपलं. पिल्लं हलत होती. थोरली उशीला नाक लावून फुसफुसत होती. वहिनी कौतुकानं बघत होती, आपली उशी कामाला आली म्हणून.

दादानं विचारलं, पलीकडे एवढ्या गोळ्या कशाच्या झाडल्या? मी सांगितलं. त्यानं थोरलीचे कान चोळले. "आणि त्या एकीला दर वेळी सोडता?" "हो." तो थोरलीकडे वळला. त्याचं हे गप्प बसणं मला कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं.

३ मार्च

दादाचा फोन. "थोरली खात नाही, बारके. तू येतेस का?"

४ मार्च

डुकरताप.

थोरलीच्या अंगावर जांभळे चट्टे, आणखी दोघींना खोकला. रक्त लॅबला पाठवायची गरज नव्हती, तरी पाठवलं. संध्याकाळी बाईचा फोन आला. हळू आवाजात.

शेडच्या मागे पत्र्याचं पिंप दिसलं, तळाला काळं वाळलेलं. हॉटेलातलं उष्टंखरकटं! डुकरांना असलं घालायला कडक बंदी आहे, कारण त्यातून ताप येतो. दादा म्हणाला, पिंप जुनं आहे, बंदी आल्यापासून त्यात काही घातलं नाही. मी म्हटलं, मग ताप काय आभाळातून पडला? वहिनी मधे पडायला गेली तर तिला म्हटलं, तू तर बोलूच नकोस, चपलांनी आत जाणारी.

साहेब बाहेर उभे होते. त्यांच्यासमोरच सांगितलं, माझा भाऊ आहे, पण नियम सगळ्यांना सारखा. पिंप दाखवलं. उष्टं घालणाऱ्याला पुन्हा डुकरं पाळायची परवानगी मिळत नाही. कधीच. साहेबांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी फार बरं वाटलं. आजवर कोणी म्हणू शकत नव्हतं की मी घरच्यांना झुकतं माप देते, आता तर तोंडच बंद झालं सगळ्यांचं.

दादा पिंपाकडे बघत होता. माझ्याकडे नाही.

५ मार्च

एका डुकराला ताप निघाला की शेडमधलं सगळं संपवायचं. मी दुसऱ्या कोणाला पाठवू शकले असते. साहेबांनी विचारलंही. मी म्हटलं, मीच जाते.

थोरली पहाटे व्याली होती. त्या अवस्थेत! निम्मी पिल्लं मेलेली, उरलेली तिच्या सडांना घट्ट चिकटलेली. एकेकाला ओढून सोडवावं लागलं. दादाला मी बाहेर थांबायला सांगितलं तर म्हणाला, "माझ्या हातात असली की ओरडत नाहीत ती." मग तोच एकेकाला धरत गेला, कानामागे खाजवत, आणि मी सुई टोचत गेले. खरंच ओरडली नाहीत. काम लवकर झालं. थोरली शेवटी. तिनं त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. मी त्याला म्हटलं, पाय बाजूला घे, सुई लागेल.

खड्डा, चुना, माती. शेड रिकामी झाली की किती मोठी दिसते!

वहिनीनं चहा केला. आज! घराच्या दारात औषधाचं घमेलं ठेवलं होतं, काठोकाठ भरलेलं. म्हणाली, "पाय बुडवा, ताई." टोमणा नव्हता. शिकवलं तसं करत होती. मी पाय बुडवले आणि चहा प्यायले.

६ मार्च

दादानं फोन उचलला नाही. ठीक आहे. बोलायला होतं काय?

१२ मार्च

कोणाशी बोलले नाही. मावशी दक्षिणेच्या रानात, नव्या कळपात. मका टाकून आले. येताना दादाच्या रस्त्यानं आले नाही, लांबचा घेतला. पेट्रोलची बचत वगैरे विचार मनात आला होता, पण उलट जास्तच लागलं.

२३ मार्च

दक्षिणेचा कळपही संपवला. त्यातही ताप. पण आज जे कळलं त्यानं डोकं सुन्न झालंय.

या रानात आमचा एक जुना कॅमेरा होता, मावशी यायच्या आधीपासूनचा. त्यात हा कळप दिसतो, धडधाकट, चिखलात लोळणारा, भांडणारा. मावशी आली. मग थोड्याच दिवसांत एकेक जण मान खाली घालून चालायला लागला. म्हणजे आजारी कळप ती शोधत नव्हतीच! ती जाईल तो कळप आजारी पडत होता!

लॅबच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, मॅडम, काही ताप अंगात दडून बसतात आणि जनावर भेदरलं की परत डोकं वर काढतात. हा त्यातला आहे की नाही ते मात्र कोणाला माहीत नाही. मला पहिला अर्धा भाग पुरला. दर वेळी आम्ही तिच्या डोळ्यांदेखत सगळ्यांना मारतो. ती भेदरते. ताप जागा होतो. तो घेऊन ती पुढच्या घरी जाते. किती सुबक! आम्हीच तिला भरतो आणि आम्हीच तिला पाठवतो. आणि ओढ्यापाशीही तीच होती, दादाच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर.

हे आधी मला का सुचलं नाही? ती बरी झालेली म्हणून मीच निवडली होती. पण हे कोणालाही सुचलं नसतं.

२४ मार्च

साहेब म्हणाले, मग तिला संपवा, तुमची जबाबदारी. दादाच्या परवानगीचंही सांगितलं त्यांना, उष्ट्याचा संबंध नव्हता म्हणून. बघतो म्हणाले.

दादाला फोन केला. आज उचलला. मी म्हटलं, चूक तुझी नव्हती असं दिसतंय.

"मग कोणाची?"

"मावशीची. ती पट्ट्यावाली. ओढ्यापाशी होती ना."

तो म्हणाला, "म्हणजे आता तिला मारणार."

"हो."

"तुला कोणीतरी लागतंच, बारके."

आणि ठेवला. फोन करून चूक कबूल करायला गेलं तर हे! आणि मी कबूल तरी काय करायचं होतं? त्या वेळी जे दिसत होतं त्यावरून कोणीही तेच म्हटलं असतं.

२८ मार्च

मावशी गेली.

पायवाटेच्या कडेला उभी होती, अजून नवा कळप मिळाला नव्हता. आमची जीप बघून पळाली नाही. तिला आता माहीत झालं होतं की जीप येते, आवाज होतात, दुसरे पडतात, आणि मग आपण चालू लागायचं. बंदूकवाल्याचा पहिला नेम चुकला. त्याचा! गोळी मातीत घुसली. तरी ती हलली नाही. मागे वळून बघितलं तिनं, कोण पडलं म्हणून. मागे कोणीच नव्हतं. दुसरी गोळी लागली.

बंदूकवाला जीपमधून उतरला नाही. म्हणाला, "पट्टा तुम्हीच काढा, मॅडम." काढला. पट्ट्याखाली केस गळून गेले होते, कातडी गुळगुळीत झाली होती. उशी टाकून बसले, प्लीहा, टॉन्सिल, लिंफच्या गाठी, सगळं घेतलं.

परतीच्या वाटेत तो एक शब्द बोलला नाही. सगळ्यांना हल्ली गप्प बसायची साथ आलीय.

१ एप्रिल

लॅबच्या बाईचा फोन. मावशी साफ. टॉन्सिलमध्येही ताप नाही, गाठींतही नाही. मी म्हटलं, पुन्हा बघा.

३ एप्रिल

पुन्हा साफ. मरायच्या आधी बरी झाली असेल. शक्य आहे. साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, आता मेलेल्याचं कशाला उकरायचं? मोहीम यशस्वी झाली म्हणून मोकळे व्हा.

६ एप्रिल

मोकळं होण्याआधी एक खात्री हवी होती. हमरस्त्यापलीकडच्या टेकड्यांत गेले, एकटीच. रस्त्याला दोन्ही बाजूंनी उंच जाळी आहे, मावशी इकडे कधीच आली नव्हती, पट्टा साक्षीला आहे. इथला कळप निरोगी दिसला की विषय संपला. मका टाकला. उशी, गुडघे, खुंटी, कॅमेरा. झुडपाआडून घुरघुर ऐकू येत होती, पिल्लांची चीचीसुद्धा. किती दिवसांनी छान वाटलं.

११ एप्रिल

दादाची परवानगी परत मिळाली! वहिनीचा फोन आला. दादा शेजारी असावा, पण बोलला नाही. दोन पिल्लं बोलून ठेवलीयत, महिनाअखेर येतील, शेड धुऊन घेतली, चुना मारला. म्हणाली, "पहिल्यांदा तुम्हीच बघायची, ताई. हेही म्हणाले तसं." दादा तसं म्हणाला असेल यावर माझा विश्वास नाही. तरी महिनाअखेरची तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवली. शेवटी म्हणाली, उशी उसवली असेल तर आणा येताना, टाके घालून देते.

जाईन. थोरलीबद्दल काहीतरी बोलेन दादाशी. काय ते अजून ठरत नाही.

२० एप्रिल

टेकड्यांतला कळप मेलाय. तिथे कोणी गोळी झाडली नाही, आपोआप मेलाय. मक्याभोवतीच पडलेत. प्लीहा काळ्या.

मी बसून विचार करतेय. मावशी मेलेली होती. ती इथे कधी आलीच नव्हती. बंदूकवाला या बाजूला फिरकला नाही. दादाकडे एकही डुक्कर नव्हतं, आणि असतं तरी जाळीपलीकडे ते कसं जाणार? बूट मी बुडवले होते. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच हातांनी!

कॅमेऱ्यातली फिल्म लावली. मी उठून जाते. थोड्या वेळानं झुडपातून एक डुकरीण येते, मागे पिल्लांची रांग. मक्याकडे जात नाही. आधी येते ती मी बसले होते त्या जागेपाशी. ओल्या मातीत दाबलेला चौकोन आहे, उशीएवढा. ती तो हुंगते. मग चाटते. मग पिल्लं चाटतात.

परत लावली. परत लावली.

२१ एप्रिल

जीपमधल्या प्रत्येक वस्तूचा स्वॅब घेतला. बूट, सुऱ्या, एप्रन, चाकं, खुंटी, उशी. लॅबला नुसते आकडे लिहून पाठवले, कशाचे आहेत ते कळवलं नाही.

मी काहीच औषधात घालायची विसरत नाही. फक्त ती घरची वस्तू होती. घरच्या वस्तूला कोण औषधात घालतं?

२५ एप्रिल

लॅबची बाई म्हणाली, सगळे साफ, एक सोडून. त्यात ताप ठासून भरलाय. कसला आहे हो तो, मॅडम? म्हटलं, काही नाही, जुनं फडकं होतं.

उशी भट्टीत टाकली. कापूस लवकर जळाला, तपकिरी कापड बराच वेळ धुमसत राहिलं. वहिनीला फोन करून सांगितलं, हरवली कुठेतरी जंगलात.

"असू दे, ताई. दुसरी शिवते. कापड हेच घेते, डाग दिसत नाहीत."